ग्रिपखालचं नाव

लाला सुदर्शन मरवाह एक दिवस आपल्या पायरीवर येऊन बसेल, हे तृप्ताने नवऱ्याच्या तेराव्यालाच ठरवून टाकलं होतं. रडायचं तेवढं रडून झालं होतं. आलेल्या बायकांना चहा देता देता तिने दाराबाहेरच्या विटांच्या पायरीकडे पाहिलं आणि मनाशी म्हटलं, इथेच. लाला बॅटींचा घाऊक व्यापारी, आणि त्याच्या पेढीची पायरी तिच्या नवऱ्याने, खरैतीलालने, बसून बसून झिजवली होती. पैसे मागायला गेला की लाला सांगायचा, ‘सुटे नाहीत, बस जरा’, आणि तो जरा दुपार उलटेपर्यंत चालायचा.

खरैतीलाल भगत हा जालंधरच्या भार्गो कॅम्पातला बॅट बनवणारा. त्याचा बाप फाळणीत सियालकोटहून आला तो फक्त रंधा बगलेत मारून. खरैती आपल्या प्रत्येक बॅटीवर तापल्या सळईने एक तुरेवाला हुदहुद उमटवायचा, आणि पोरं दुकानात जाऊन तो पक्षी मागायची. लालाने एकदा मोठ्या प्रेमाने सांगितलं, "अरे, कुणीही उचलेल तुझा छाप. माझ्या वकिलाकडून नोंदवून घेतो." नोंदवलाही, पण स्वतःच्या नावावर. खरैतीला हे कळलं तेव्हा लालाच्या तक्रारीवरून पोलीस दारात उभे होते. त्याने लुधियान्याच्या एका दुकानदाराला वीस बॅटी परस्पर विकल्या होत्या. आरोप काय, तर हुदहुद छापाचा नकली माल. बॅटींची मोळी त्याच्याच डोक्यावर देऊन त्याला अख्ख्या कॅम्पातून चालवत नेलं. चार दिवसांनी सुटला, पण रंध्याला पुन्हा हात लावला नाही. जानेवारीतल्या लोहडीच्या सणाआधीच गेला.

माणसाला चोर म्हटलं तर तो भांडतो तरी. स्वतःच्या हातच्या मालाला नकली म्हटल्यावर त्याने कुणाशी भांडायचं?

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. तृप्ताने पाण्यात राहूनच करायचं ठरवलं. मुलगा सोमी लालासाठी फळ्या घडवत राहिला आणि ती दांड्यांना धागा गुंडाळून वर रबरी ग्रिप चढवत राहिली. गल्लीतल्या शन्नो आणि इतर बायका धागा गुंडाळायच्या, पण ग्रिप चढवायचं काम तिचं एकटीचं. माल लालाच्या गोदामात गेला की तिथे फळीवर हुदहुदाचं चकचकीत स्टिकर लागायचं आणि साडेचारशेची बॅट अकराशेची व्हायची.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी लाला स्वतः कारागिरांना लाडू वाटायचा. त्या वर्षी लाडवासोबत त्याने फुशारकीही वाटली. "आजवर एकही दुकानदार मी भार्गो कॅम्पात फिरकू दिलेला नाही. स्टेशनवर माझी गाडी, जेवण माझ्या घरी, परत स्टेशनपर्यंत माझीच गाडी. पाहुणचारात मी कमी पडत नाही, भाई."

सगळे हसले. तृप्ताही हसली आणि तो लाडू तिने घरी नेऊन कुत्र्याला घातला. पण बोलणं तिने नीट गाठीला बांधलं. घाऊक व्यापारी दोन्ही बाजूंना एकच गोष्ट विकतो, आणि ती म्हणजे अज्ञान. बनवणाऱ्याला दुकानदार माहीत नाही आणि दुकानदाराला बनवणारा, तोवर मधल्याची चांदी.

थोड्या दिवसांनी ओळखीतला एक कॉलेजचा पोरगा जुनी बॅट घेऊन आला. "चाचीजी, ग्रिप फाटलीय. दुकानात गर्दी आहे, तुम्हीच बदलून द्या ना."

तिने पात्याने रबर चिरलं, सोलून काढलं, आणि आत स्वतःचीच गुंडाळी दिसली. वर्षभर चेंडू खाऊन फळीचं खोबरं झालं होतं, पण रबराखालचा धागा काल गुंडाळल्यासारखा पांढराशुभ्र होता. शेवटची गाठही तिचीच. ती बघतच राहिली. लाला फळी ठोकून बघतो, वजन करतो, दांडा पिळून बघतो. ग्रिप काढून बघणारा घाऊक व्यापारी अजून जन्माला यायचाय. ग्रिप सोलतो तो फक्त दुकानदार, झिजली की, आपल्या दुकानात बसून.

दुसऱ्याच दिवशी तिने कचेरीबाहेरच्या शिक्केवाल्याकडून एक रबरी शिक्का करून घेतला. खरैतीलाल भगत, बॅट बनवणारे, भार्गो कॅम्प, जालंधर. खाली सोमीचा मोबाइल नंबर. सोमीला विचारायच्या भानगडीत ती पडली नाही. धाग्यावर जांभळा शिक्का मारायचा, वर ग्रिप चढवायची, माल लालाच्या टेम्पोत. लालाचा माल लालाच्याच खर्चाने खरैतीचं नाव घेऊन देशभर निघाला. एक हिवाळा गेला, दुसरा आला. सूड घ्यायचा तर रबर झिजेपर्यंत थांबायला हवं, हे तिने मान्य केलं होतं.

एके सकाळी सोमी फोन हातात धरून आत आला. "बीजी, रायपूरहून कुणीतरी दुकानदार आहे. म्हणतो, खरैतीलालजींना द्या."

परक्या माणसाच्या तोंडून ते नाव, तेही मागे ‘जी’ लावून. तिला भडभडून आलं. पण तिने पदराने तोंड पुसलं आणि फोन घेतला. "ते नाहीत. मी त्यांची बायको. बोला."

"माताजी, ग्रिपखाली तुमचा शिक्का निघाला. ही हुदहुद तुम्हीच बनवता?"

"आम्हीच. लालाला किती देता?"

"अकराशे."

"आम्हाला साडेचारशे मिळतात."

पलीकडून आवाज आला, "परत सांगा."

तिने परत सांगितलं, आणि आपला भावही सांगितला. सहाशे, रोख.

"पण लाला तीन महिने उधार देतो, माताजी."

"मग वरचे पाचशे वाचतील ना, त्यातून तुमची तुम्हीच स्वतःला उधारी द्या."

दुकानदार हसला. त्याने पन्नास बॅटी मागवल्या, हुदहुदाशिवाय, नुसत्या खरैतीलालच्या नावाच्या. तिने फोन ठेवताच सोमी पुढे आला. "हे काय करून ठेवलंस? लाला आपल्याला जगू देईल?"

"तुझ्या बापाला दिलं होतं का?"

रायपूरमागून कटक आलं, झाशी आलं. लालालाही कळायला वेळ लागला नाही, कारण दुकानदार त्याच्या तोंडावर भाव पाडू लागले होते. त्याने पहिला घाव अपेक्षेप्रमाणेच घातला. नुसतं तृप्ताचं नाही, अख्ख्या गल्लीचं काम बंद. टेम्पो यायचा थांबला.

शन्नो दारात येऊन उभी राहिली. "सूड तुझा, भैणजी, आणि चूल आमची विझायची? हा कुठला न्याय?"

हे मात्र तृप्ताला लागलं. "एक महिना कळ काढ," एवढंच ती म्हणाली. आलेल्या मागणीतले निम्मे दांडे तिने शन्नोकडे टाकले आणि कानातल्या बाळ्या विकून बायकांची मजुरी भागवली. त्या महिन्यात तिला धड झोप नव्हती. आपल्या रागापायी गल्ली उपाशी मेली तर वर गेल्यावर खरैतीला काय सांगायचं, हाच घोर. पण दिवाळी जवळ आली आणि फोन वाढले. नुसत्या सोमीच्या हाताने माल पुरेना. शेजारचे कारागीरही दुकानदारांशी थेट बोलू लागले.

आणि एका दुपारी लाला आला.

गाडी गल्लीत शिरत नाही, म्हणून चालत आला. हातात एक बॅट, दांडा सोललेला, धाग्यावर जांभळा शिक्का. तृप्ता दारातच गुंडाळी करत बसली होती. ती उठली नाही. "बसा, लालाजी," म्हणत तिने पायरी दाखवली. लालाने इकडेतिकडे खुर्ची शोधली, मग गुडघे धरत बसला. शन्नो भाजी निवडायचं निमित्त करून बाहेर येऊन बसली.

"किती मालावर मारलास हा?" लालाने विचारलं.

"दोन हिवाळे तुमच्या गोदामात गेला, तेवढ्यावर."

लालाला हिशेब शिकवावा लागत नाही. गोदामातल्या ग्रिपा सोलून नव्या चढवायच्या तर नफा त्यातच बुडणार, आणि दुकानांत, मैदानांत पांगलेला माल तर हातातून गेलेलाच. रोज कुठेतरी एखादी ग्रिप झिजणार आणि सोमीचा फोन वाजणार.

"भाभी, झालं गेलं विसर," तो हळू आवाजात म्हणाला. "हुदहुद परत घे. उद्या कागद करून देतो. पण हे फोन बंद कर."

सोमीने चमकून आईकडे पाहिलं. बापाचा छाप परत मिळत होता. तृप्ताचा हात धाग्यावर थांबला. याच शब्दांसाठी खरैतीने जीव टाकला असता.

"तुम्ही त्या पक्ष्याला नकली ठरवून आमच्याच दारातून नेलंत," ती म्हणाली. "आता तुम्हीच सांभाळा त्याला. दुकानदार हल्ली हुदहुद विचारत नाहीत. खरैतीलाल विचारतात."

तिने त्याच्या मांडीवरची बॅट ओढून घेतली. "उघडी पडलीय. ग्रिप बसवून देते." शाईत शिक्का बुडवून तिने त्याच्या डोळ्यांदेखत, पुसट झालेल्या जुन्या नावावर, नवा ठळक ठसा मारला आणि वरून ग्रिप चढवली. "चाळीस रुपये."

"मला चाळीस? ही ग्रिप मी स्वतः बारा रुपयांना विकतो."

"ते शंभर घेतल्या तर. एकीला किरकोळ भाव."

शन्नो फिस्सकन हसली. लालाने पाचशेची नोट काढून पुढे धरली. "राहू दे, ठेव."

"फुकटचं नको. आणि सुटे नाहीत माझ्याकडे. सोमी, चौकातून सुटे आण."

सोमी चपला घालून निघाला.

"सावकाश जा रे," ती मागून म्हणाली. "लालाजी बसलेत."

तिने पुढचा दांडा घेतला आणि धागा गुंडाळायला लागली. लाला पायरीवर बसून राहिला.