शालिग्रामभाऊंच्या वावरातली रेघ

तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मोबाईलवर बटण दाबायचं आणि चालायला लागायचं. आपण चालू तशी नकाशावर निळी रेघ उमटते, ती ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला दिसते. गावाची आशाताई म्हणून दहा वर्षं केलेली माझी पायपीट पहिल्यांदाच कुणाला तरी दिसणार होती.

सगळ्या गावाच्या रेघा झाल्या. राहिलं मोतीरामचं वावरातलं घर. त्याची लेक प्रतिमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, रक्तदाब चढलेला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दुखायला लागलं की तासाभरात चिखली गाठा. आणि तिकडं जाणारी पांदण, बैलगाडीची वाट, श्रावणात गुडघाभर चिखलाची. आमची काळी माती बैलाला एकवेळ सोडते, चपलेला नाही.

कोरडी वाट एकच, मोतीरामच्या थोरल्या भावाच्या, शालिग्रामभाऊंच्या वावरातून. मुरूम टाकलेली. पण मोतीरामचा नांगर धुऱ्यात, दोघांमधल्या बांधात, दोन सऱ्या जास्त गेला, तेव्हापासून चार वर्षं दोघं बोलत नव्हते. तरी मी विचारायला गेले.

"आज मोबाईलात रेघ, उद्या सातबाऱ्यावर रस्ता," शालिग्रामभाऊ म्हणाले. "नाही जमत, सरस्वतीबाई."

"सातबारा तलाठ्यापाशी, भाऊ. हा नकाशा माह्यापाशी."

"तलाठी बी पैले असंच गोड बोलते."

"प्रतिमा पुतणी हाय तुमची."

"मंग म्या कुठं नाही म्हणलं," म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

नऊ दिवसांनी, भर दुपारी, मोतीरामचा फोन आला. प्रतिमाला कळा सुटल्या होत्या, डोकं ठणकत होतं. ॲम्ब्युलन्स अमडापूरकडून आली. मी वेशीवरच आत चढले. ड्रायव्हर गोपाळ नवा होता. त्यानं गाडी सरळ पांदणीकडं वळवली.

"नकाशात हाच रस्ता हाय, ताई."

"नकाशाले चिखल दिसत नाही, बापा. थांब. एकाच्या पाया पडा लागते मले."

पण पांदणीच्या तोंडाशी गाडी थांबली, तर सायरन ऐकून शालिग्रामभाऊ आधीच आपल्या वावराच्या कुंपणाच्या काट्या बाजूला ओढत होते. खांद्यावर फावडं. माझ्याकडं पाहिलंच नाही.

"माह्या मागं या," ते गोपाळला म्हणाले. "बाजूले कपाशी हाय, चाक उतरवू नका."

ते पुढं, गाडी मागं. मी गुपचूप मोबाईलचं बटण दाबलं.

दोन वावरांमधला धुरा हातभर उंच. गाडी तिथं अडली. पलीकडून मोतीराम फावडं घेऊन धावत आला. दोघं समोरासमोर खणायला लागले.

"ड्रायव्हर साहेब, त्याले सांगा, माती माह्याकडं लोटू नको."

"साहेब, त्यायले सांगा, मले समजते."

गोपाळ बिचारा दोन्हीकडं मान हलवत होता. पाच मिनिटांत धुरा सपाट झाला. घाईत मी तिथंच बटण बंद करून मोबाईल पिशवीत टाकला; गाडी अंगणात लागली, तशी स्ट्रेचरचं टोक धरलं.

दिवस मावळायच्या आत चिखलीला मुलगी झाली. दोघीही सुखरूप.

दुसऱ्या दिवशी मी शालिग्रामभाऊंकडं गेले. न विचारता रेघ ओढली, हे सांगणं भाग होतं. म्हटलं, तुम्ही म्हणाल तर आत्ता पुसते. त्यांनी चष्मा लावला, मोबाईल हातभर लांब धरला.

"हे इथं वाकडं काऊन?"

"तुम्ही कपाशी वाचवली तिथं."

"हं." मग बोट पुढं सरकलं. "अन् हे धुऱ्यावरच तुटलं? घर तर अजून लांब हाय."

"तिथं म्या मोबाईल बंद करून ठेवला होता."

"असं अर्धवट काम सरकारले देता तुम्ही? उद्या पोरीले पुन्हा न्या लागलं, तर गाडी काय धुऱ्यावर उभी राहीन?" त्यांनी टोपी घातली. "चाला."

मी बटण दाबलं. धुरा ओलांडताना ते जरा थांबले, पायानं एक ढेकूळ बाजूला सारलं, आणि मोतीरामच्या अंगणात जाऊन उभे राहिले. मोतीराम दवाखान्यात न्यायचा डबा बांधत होता. त्यानं वर पाहिलं. बराच वेळ डब्याचं झाकण काही लागेना.

शालिग्रामभाऊ चपला काढायला वाकले.

"राहू दे, दादा," मोतीराम म्हणाला. "खाली ओल हाय."