मान वर केलेले पक्षी

त्या बेटावर माणसं उरली होती दोन, सुतार आणि त्याची आंधळी बायको. एके काळी कुरव पक्ष्यांचा असा कलकलाट असे की नवराबायकोला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. संसार टिकला तो त्यामुळेच, असं सुतार म्हणे. मग तीन वर्षं एकही पक्षी खाली उतरला नाही. पक्ष्यांच्या राखणीसाठी त्यांना बेटावर ठेवणाऱ्या वनखात्याने कळवलं, यंदा एका तरी जोडीने घरटं केलं तर ठीक, नाहीतर शिधा आणणारी बोट बंद. म्हणजे सरळ बेट सोडा.

सुताराला कुठेही चाललं असतं. पण बायको इथे विहिरीवर एकटी जायची. वाटेतला दगड न् दगड तिच्या पायांना पाठ होता. शहरात पुतण्याकडे तिला एका कोपऱ्यात बसावं लागणार, मोरीपर्यंत जायलाही कुणाचा तरी हात धरावा लागणार.

युक्ती खात्यानेच सांगितली होती. लाकडी पक्षी करून कड्यावर मांडा, आपले भाऊबंद बसलेले दिसले की खरे उतरतात. सुताराने चाळीस केले. अंग पांढरं, चोच तांबडी, आणि प्रत्येकाची मान उंच, समुद्राकडे. पाहुणे यायचेत, तर घरच्यांनी मान वर करून वाट बघायला नको?

बायकोने एक हातात घेऊन चाचपला. "मान अशी का हो याची? बसलेला कुरव खांद्यात मान घालून असतो. लहानपणी किती धरलेत मी."

"तुला काय दिसतंय?" तो हसून म्हणाला. "जन्म गेला माझा लाकूडकामात."

तिने पक्षी त्याच्या हातात परत दिला.

हंगामात थवे आले, कड्यावर घिरट्या घालून निघून गेले. आज उतरतील, उद्या उतरतील, म्हणता म्हणता दिवस संपले. शेवटी खात्याचा साहेब पाहणीला आला. कड्यावर जाऊन त्याने कपाळाला हात लावला.

"अहो मिस्त्री, हे काय केलंत? धोका दिसला की उडायच्या आधी मान अशी ताणतात ते. चाळीसच्या चाळीस सांगतायत, उतरू नका म्हणून!"

"दोन दिवसांत खाली करतो सगळ्यांच्या माना."

"हंगाम संपला, मिस्त्री. कागद पुढे गेला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने घरी जाऊन बायकोला सगळं खरं सांगितलं. 'तरी मी म्हणत होते,' असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

बोटीच्या दिवशी धक्क्यापर्यंत ती नेहमीसारखी पुढे चालली, तो ट्रंक घेऊन मागे. बोटीच्या फळीशी ती थांबली. पाय पुढे करून चाचपलं, पाय मागे घेतला. मग डोळे गेल्यापासून पहिल्यांदाच तिने हात पुढे केला.

"धरा," म्हणाली.