शरयूची सही

थांब सिद्धेश. ते पेन खाली ठेव. तोंडात नको धरूस, टेबलावर ठेव. आता बस. तुझ्या काकूने चहा टाकलाय, तो होईस्तोवर तुला एक गोष्ट सांगतो. खरी आहे, कारण तिच्यात गाढव मीच आहे. ऐकून झाल्यावर पण तुला वाटलं की बायकोच्या लिफाफ्यावर बायकोची सही आपण ठोकावी, तर ठोक बाबा.

"काका, तुम्ही इलेक्शन ऑफिसात कामाला होता ना, एवढं चालतं का?" असं विचारत आलास. तुझी राधिका पुण्याला, तिच्या वडिलांची बायपास झालेली, आणि तिची मतपत्रिका इथे सांता क्लारात तुझ्या किचनच्या ओट्यावर. कागद फुकट जाऊ नये एवढंच तुझ्या मनात. कळतं मला. माझ्या पण मनात तेवढंच होतं.

मी नववी नापास. मेव्हण्याने स्पॉन्सर केलं म्हणून इकडे आलो, नाहीतर मिरजेतच पंक्चर काढत बसलो असतो. इथे येऊन तरी काय केलं, बावीस वर्षं टायरच्या दुकानात काढली. आम्ही दोघं सिटिझन झालो त्या वर्षी मतदार नोंदणीचे फॉर्म घरी आले. शरयू, म्हणजे तुझी काकू, कणिक मळत होती. म्हटलं, सही कर. म्हणाली, "हात पिठात आहेत हो, थांबा की जरा." मी कसला थांबतोय! इंग्लिशमध्ये 'शरयू काटकर' अशी झोकात सही केली, लिफाफा चिकटवला, टाकला पेटीत. तिच्या हाताचं पीठ वाळायच्या आत ती मतदार झाली.

मग दर इलेक्शनला तेच. इथे मतपत्रिका पोस्टाने घरी येते, खुणा करून, लिफाफ्यावर सही करून परत पाठवायची. कागद दोन, पेन एक. तिला विचारायचो नाही असं नाही. "तुझं पण तेच ना?" म्हणायचो. ती काहीतरी निवडत, चिरत "हं" म्हणायची. त्या "हं"चा अर्थ काय होता, ते मला एवढा संसार करून कळलं नाही.

पुढे गुडघे गेले, दुकान सुटलं. घरात बसून शरयूच्या कामात नाक खुपसायला लागलो, तेव्हा आमच्या नीनाने, माझ्या मुलीने, मला काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, इलेक्शन ऑफिसात सीझनचं काम बघून दिलं. माझी कटकट घराबाहेर काढायला, दुसरं काय! आधी लिफाफे रचायला होतो, मग सह्यांच्या टेबलावर बसवलं. स्क्रीनवर डावीकडे लिफाफ्यावरची सही, उजवीकडे नोंदणीच्या फॉर्मवरची, ऑफिसात आधीपासून ठेवलेली. दोन्ही एकाच माणसाच्या वाटल्या तर हिरवं बटण दाबायचं. नाही वाटल्या तर लाल. आणि मी त्यात तयार झालो रे! बावीस वर्षं टायरची झीज बघून सांगायचो, गाडी कुठल्या बाजूला ओढते ते. सहीचं तसंच असतं. हात कुठे दाबतो, कुठे उचलतो, कुठल्या वळणाला घसरतो. म्हाताऱ्याचा हात कापतो, पण वळण तेच राहतं.

आमची सुपरव्हायझर डोलोरेस, साठीची मेक्सिकन बाई, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "चोर पकडायला बसलाय असं समजून बघू नका. ही सही त्याच माणसाची आहे असं धरून सुरुवात करा." लाल बटण दाबलं तरी एकट्याच्या सांगण्यावरून कुणाचं मत बाजूला पडत नव्हतं, आणखी दोघांनी बघून हो म्हणायला लागायचं. आणि हे सगळं लिफाफा बंद असताना. आत काय आहे ते आम्हाला दिसायचं नाही. जे लिफाफा उघडायचे ते सह्या बघायचे नाहीत. मला फार आवडलं ते. आमच्या दुकानात कुणी एवढं नीट काम केलं असतं तर मालक श्रीमंत झाला असता.

आता ऐक. त्या वर्षी ऑगस्टात शरयू तासगावला गेली. तिचा धाकटा भाऊ शैलेंद्र पडला होता, खुब्याचं हाड मोडलेलं, आणि त्याला बघायला घरात दुसरं कुणी नाही. ऑक्टोबरात माझी मतपत्रिका घरी आली. तिची नाही. मी फोन लावला.

"अगं, यंदा तुझा कागद आला नाही."

"माझा इकडे आलाय."

"इकडे कुठे?"

"तासगावला. परदेशात असलं की ईमेलने पाठवतात. नीनाने नेटवर फॉर्म भरून दिला. झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढला, खुणा केल्या, सही केली, आणि काल स्पीड पोस्टाने पाठवूनही दिला."

"मला सांगितलं नाहीस!"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"बरं, कुणाला दिलंस?"

"ते तुम्हाला कशाला?"

बघ! आणि मागून शैलेंद्र ओरडतोय, "दाजी, मी म्हटलं इंग्रजी आहे, दे मी भरतो, तर हिने मला खोलीतून बाहेर काढला! वॉकरसकट!" झेरॉक्सवाल्याला पण तिने सांगितलं म्हणे, कागद निघेस्तोवर भिंतीकडे बघ. तो बिचारा म्हणाला, काकू, कोरा कागद आहे, त्यात काय बघायचं? तर म्हणाली, सवय लावून घे.

मी फोन ठेवला आणि उगाच दोन दिवस फुगून बसलो.

नंतर एका सकाळी टेबलावर होतो. शेजारी मोना. पंचविशीची, आईबाप नागपूरचे, हिचा जन्म इथलाच. मी मराठीत बोलायचो, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, दोघांचं छान चालायचं. माझ्या स्क्रीनवर नवीन लिफाफा आला. परदेशातला, इंडियाचा शिक्का. नाव, शरयू काटकर.

डावीकडे सही होती. मराठीत. नुसतं 'शरयू'. जुन्या वळणाचा गाठीचा श, आणि वर रेघ, पट्टीने मारावी तशी सरळ. चौथीपर्यंत शिकलीय ती. बाईंनी सांगितलं होतं, आधी अक्षरं काढायची, रेघ शेवटी, डब्याला झाकण लावल्यासारखी. तिची सही मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, सिद्धेश.

आणि उजवीकडे? उजवीकडे माझी सही. पोट सुटलेला एस, शेवटी फराटा. बावीस वर्षं टायरच्या पावत्यांवर जो फराटा मारला, तोच.

मोना वाकून म्हणाली, "काका, इज दॅट अ ड्रॉइंग?"

"सही आहे."

"बट इट्स सो नॉट द सेम."

मी हिरवं बटण दाबू शकत होतो. मोना माझ्या शब्दावर गेली असती. काका म्हणतायत मराठी आहे, म्हणजे असेल. शरयूचं मत मोजलं गेलं असतं, माझं काम टिकलं असतं, कुणाला काही कळलं नसतं. बोट बटणावर गेलं होतं, खोटं सांगत नाही. आणि मग वाटलं, अरे मोऱ्या, परत तेच करतोयस! तिने माणसाला वॉकरसकट बाहेर काढून स्वतःचं काम स्वतः केलं, आणि तू इथे बसून परत तिच्या वतीने ठोकतोयस.

तसा नियम होताच. नातेवाइकाचं नाव आलं की हात वर करून उठायचं, दुसरा बघेल. मुकाट उठलो असतो तरी चाललं असतं. पण मग ती सही बघणारा लाल दाबणार, बाकीचे दोघं पण लालच म्हणणार. शरयूला पत्र जाणार, परत सही करून पाठवा. ती परत तशीच करणार, झाकण लावून, आणि ऑफिस ती सही परत माझ्याच फराट्याशी लावून बघणार. जन्मभर जुळली नसती.

मी उठून डोलोरेसकडे गेलो.

"काय झालं, मोर?" मला मोर म्हणायची ती.

"माझ्या बायकोचा लिफाफा आलाय. तिची सही जुळणार नाही."

"का?"

"लिफाफ्यावरची तिची आहे. तुमच्याकडची माझी आहे."

तिने चष्मा काढला. दोरीवर झुलत राहिला. "म्हणजे खोटी आम्ही जपून ठेवली, आणि खरी आता परत पाठवणार होतो?"

"हो."

मला वाटलं, आता ही पोलीस बोलावणार. ती म्हणाली, "बस खाली. तिच्या स्वतःच्या हातची सही सरकारकडे दुसरीकडे कुठे आहे?"

मग आठवलं, डीएमव्ही, लायसन्सचं ऑफिस! शरयू गाडी चालवत नाही, पण ओळखपत्र काढायला गेलो होतो. तिथे पण मी सवयीने स्क्रीनवर सही करायची काडी उचलली होती, तर काउंटरवरची बाई खेकसली, "सर, स्टेप बॅक!" मग शरयूने केली. तेव्हा मी त्या बाईला पार्किंगपर्यंत शिव्या घातल्या होत्या. आता तिच्या पाया पडायला तयार होतो.

डोलोरेस म्हणाली, परत सही मागणारं पत्र तिला नियमाने जाईलच, पण ती सही आता डीएमव्हीतल्या सहीशी लावून बघू. मग तिने सगळं लिहून घेतलं, माझी सही घेतली, माझी म्हणजे माझ्या नावाची, आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. "हा गुन्हा आहे, मोर. मला वर कळवायला लागेल. उद्यापासून कामावर येऊ नकोस." मी निघालो तर मागून म्हणाली, "पण आलास हे बरं केलंस." पुढे वरच्या ऑफिसातून बोलावणं आलं, तासभर घाम काढला, आणि समज देऊन सोडलं. मला सोडलं म्हणून प्रत्येकाला सोडतील असं नाही, एवढं ध्यानात ठेव.

दोन दिवसांनी शरयूचा फोन. "अहो, ऑफिसची ईमेल आलीय. माझी सही माझी नाही म्हणतायत."

मग मी सांगितलं. कणकेपासून सगळं. तिकडे पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं मी मत दिलंच नाही."

आणि फोन ठेवला. चार दिवस उचलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, रे. पण त्या चार दिवसांत ती झेरॉक्सवाल्याकडे गेली होती, ऑफिसने पाठवलेल्या कागदावर परत सही करून स्कॅन पाठवून आली होती. पाचव्या दिवशी फोन आला तो असा, "बीपीची गोळी घेताय का?" माफ केलं असं काही म्हणाली नाही. अजून म्हटलेलं नाही.

कामावरून काढलेला माणूस काय करणार? मी ऑफिसात जाऊन काचेबाहेर उभा राहायचो. तिथे कुणीही उभं राहून बघू शकतो, पब्लिकसाठीच ठेवलंय. एके दिवशी परदेशातले लिफाफे उघडत होते. घरी प्रिंट काढलेले कागद मशीनमध्ये जात नाहीत, म्हणून एकाने वाचायचं, दुसऱ्याने खऱ्या मतपत्रिकेवर तशाच खुणा करायच्या, तिसऱ्याने ताडून बघायचं. त्याच्याआधी लिफाफे वेगळे, कागद वेगळे. कागद पालथे काढायचे. इंडियाचा कागद इथल्यापेक्षा बोटभर लांब असतो, म्हणून लांब कागद मला काचेतून कळत होते. सात की आठ होते. त्यातला एक तिचा, झाला असेल मंजूर तर. कुठला ते मला कळेना. वाचणाऱ्याला कळेना, लिहिणाऱ्याला कळेना. लग्नात अक्षता टाकल्यावर कुठला तांदूळ कुणाच्या मुठीतला, ते कुणी सांगेल का? तसं झालं ते. सगळे मिळून पडले आणि कुणाचे राहिले नाहीत.

मोनाने आतून मला बघितलं. हात नाही केला, कामावर होती. खाली बघून हसली फक्त.

आठवड्याने शरयूने मेसेज पाठवला. ऑफिसकडून आलेला, 'तुमचं मत मोजलं गेलं'. खाली तिने स्वतः एवढंच लिहिलं होतं, 'बघा.'

ती परत आल्यावर एकदाच विचारलं, "आता तरी सांग, कुणाला दिलंस?" तर म्हणते, "हं." आता दर इलेक्शनला आपला कागद घेऊन आतल्या खोलीत जाते आणि कडी लावते. मी बाहेर. कडीचा आवाज ऐकला की मला काय वाटतं ते सांगता येत नाही. एवढ्या वर्षांची बायको, आणि आत एक अख्खी बाई बसलीय जी मला माहीत नाही. अभिमान म्हणतात त्याला बहुतेक.

ऐकतेय ती आतून. कप वाजवतेय बघ मुद्दाम.

तर सिद्धेश, इलेक्शनला अजून तीन आठवडे आहेत. पुण्यात आता सकाळ असेल. राधिकाला फोन लाव, मतपत्रिका तिकडे मागवायचा फॉर्म कसा भरायचा ते नीना सांगेल. कुणाला देणार ते मात्र विचारू नकोस. आणि ते पेन परत हातात घेतलंयस, ते माझं आहे. दे इकडे.