चार वाड्यांची एक ओळ

एका पंक्तीत बसवण्याचे वचन देणे निराळे आणि सर्वांना पुरेल अशी पंक्ती मांडणे निराळे. पहिल्याला औदार्य पुरते. दुसऱ्याला काही कौशल्यही लागते, आणि ते उणे पडले की औदार्यावरच संशय येतो.

मालवणकडच्या एका गावाच्या मुंबईकर मंडळींवर असा प्रसंग आला. गावाच्या चार वाड्या. तीन वाड्यांचे मंडळ मुलुंडला, आणि बौद्धवाडीचे घाटकोपरला, निराळे. यंदा दोन्ही मंडळांनी एक होण्याचे ठरवले. मुलुंडचे कार्यवाह दत्ताराम परब यांनी बौद्धवाडीच्या निवृत्त शिक्षिका सुगंधा जाधव यांना शब्द दिला होता, की मंडळाच्या वेबसाइटवर चारही वाड्या एका ओळीत दिसतील. त्या शब्दावर बाईंनी आपल्या माणसांना राजी केले होते.

वेबसाइटचे काम दत्तारामांची पुतणी जान्हवी करीत होती. पवईच्या एका कचेरीत तिचा तोच व्यवसाय. तिने पाहण्यासाठी दुवा पाठवला, आणि रविवारी दुपारी सुगंधाबाई फोन हातात घेऊनच परबांच्या घरी आल्या.

"ओळ मला दिसली नाही, दत्तारामभाऊ. इथे उतरंड आहे. तीत आम्ही कुठे, ते सांगायला नको."

खरेच, फोनच्या पडद्यावर वाड्या एकीखाली एक होत्या, बौद्धवाडी तळाशी.

"ह्या काय केलंस गो, जान्हवी?"

"मी नाही रे काका! संगणकावर ओळच आहे, बघ. फोन अरुंद ना. डावीकडून उजवीकडे असतं ते हे सॉफ्टवेअर फोनवर वरून खाली रचतं. आपोआप."

"आपोआप," सुगंधाबाई म्हणाल्या. "गावात तरी मुद्दाम केलं असं कोण म्हणतं?"

दत्ताराम ओशाळले. "मग बौद्धवाडी वर घे गो. सगळ्यांच्या वर."

"वर नको, बरोबरीनं हवं. जमत नसेल तर आमचं घाटकोपर बरं." तरीही बाईंनी खुर्ची संगणकाजवळ ओढली आणि चष्मा लावला. "पण का जमत नाही, ते मला समजू दे. दुसरं साधन नाही का?"

दुसरेही होते, तिसरेही होते. जान्हवीने एकेक उघडून दाखवले. पहिल्यात, म्हणजे आतापर्यंत वापरलेल्यात, विटांवर विटा रचाव्यात तशी रचना; शिकायला सोपे, पण वीट कोठे पडेल ते तेच ठरवी. दुसरे कोऱ्या कागदासारखे. चित्र उचलावे आणि हवे तेथे ठेवावे. चारही छायाचित्रे तिने फोनच्या रुंदीत शेजारी शेजारी मांडली. बाईंच्या फोनवर ओळ उत्तम दिसली. दत्तारामांचा फोन लहान. त्यावर चौथे चित्र कडेला अर्धे कापले गेले.

"आता कोण कापला गेला?" दत्तारामांनी विचारले.

"पुन्हा आम्हीच!" म्हणून बाई चक्क हसल्या. "तिसरं काढ बघू, पोरी."

तिसऱ्यात चौकटीच्या पोटात चौकट होती. पडदा केवढाही असो, चौघांनी जागा समान वाटून घ्यावी, अशी आज्ञा त्याला देता येई.

"कठीण आहे हं, काका. पहिल्यात मजकूर तू स्वतः बदलला असतास. यात शिकावं लागेल."

"शिकतलंय. दाखव तू."

ओळ दोन्ही फोनांवर बसली, पण वेडीवाकडी. वरच्या वाडीच्या नावाखाली 'मानकऱ्यांची वाडी, पालखीचा पहिला खांदा' असे शब्द होते. अरुंद जागेत ते तुटून तुटून खाली लोंबत होते. मधल्या वाडीचेही तसेच.

"अक्षर बारीक करू?" जान्हवीने विचारले. "की नुसती नावंच ठेवू? नुसती नावं असली तर ओळ सरळ बसेल."

दत्ताराम वरच्या वाडीचे. पहिला खांदा त्यांच्या वडिलांचा होता, आणि तो मजकूर त्यांनी स्वतः लिहून दिला होता. ते वाकून चौथ्या चौकटीत पाहू लागले.

"बाई, तुमच्या नावाखाली काय लिहिलंय?"

"काही नाही. कुणी विचारलंच नव्हतं."

दत्तारामांनी कळफलक स्वतःकडे ओढला. "पुसूची कळ खंयची गो?"

"ही. पण सगळं एकदम निवडून पुसता येतं, काका."

"असूदे. मी असाच पुसतंय."

आणि ते एकेक अक्षर पुसू लागले. मधल्या वाडीपाशी येऊन थांबले. "हो मजकूर श्यामसुंदराचो. ओरडतलो माझ्यावर."

"ओरडू दे," बाई म्हणाल्या. "त्याच्याकडे आपण दोघं जाऊ. आणि जान्हवी, मजकूर बदलायला मलाही शिकव. एकट्या माणसाच्या हाती कळ नको."

जान्हवीने पुन्हा दुवा पाठवला. दोन फोन शेजारी शेजारी ठेवून तिघांनी पाहिले. चार चित्रे, चार नावे, एक ओळ.

ज्याने पुसले आणि जिने बरोबरी मागितली, त्या दोघांनाही दीर्घायुष्य लाभो; मांडणाऱ्या मुलीच्या हाताला यश येवो; आणि त्या गावाच्या लेकरांना आपले घर शोधताना कोठेही मान खाली घालावी न लागो.