टायवाल्यांची वही

बावीस वर्षं ताईंनी दवाखान्यांतली निर्जंतुकीकरणाची यंत्रं दुरुस्त केली होती. नुसत्या आवाजावरून त्या बिघाड सांगत. आता स्वतःचं काहीतरी करावं म्हणून त्यांनी अनुभवी नोकरदारांसाठीच्या उद्योजकतेच्या वर्गात नाव घातलं. पण पहिल्याच शनिवारी मनात पाल चुकचुकली. सरांनी जोड्या लावल्या आणि आपापला बेत जोडीदाराला सांगायला लावला. ताईंच्या वाट्याला आले टायवाले: यंत्रं विकण्यात हयात घालवलेले, भर उन्हातही टाय न सोडणारे, आणि भलतेच गोडबोले.

ताईंनी हातचं राखूनच सांगितलं. दातांच्या छोट्या दवाखान्यांत यंत्र बंद पडलं की कंपनीचा माणूस आठवडाभर फिरकत नाही, तिथे आपण जायचं. टायवाल्यांनी शब्दन् शब्द वहीत उतरवला.

"त्या माणसाला कशाला हवंय लिहून?" घरी त्यांनी नवऱ्याला विचारलं.

तो म्हणाला, "शिकायला जातेस की पाळत ठेवायला?"

जोडीतल्या दोघांनी मिळून दहा गिऱ्हाइकांच्या अडचणी विचारून यायच्या, असा गृहपाठ होता. ताई एकाही दारात गेल्या नाहीत. सवड नाही, असं स्वतःलाच सांगत राहिल्या. बुधवारी मात्र दातांच्या एका दवाखान्याचा जिना उतरणारे टायवाले त्यांना दिसले आणि ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शनिवारी ताईंनी त्यांना वर्गाबाहेरच्या व्हरांड्यातच गाठलं. "माझा धंदा माझ्याआधीच सुरू केलात वाटतं?"

टायवाल्यांनी वही पुढे केली. सात दवाखाने, प्रत्येकाची तक्रार, आणि दुरुस्तीसाठी कोणाला बोलवायचं तिथे ताईंचं नाव.

"मला पाना धरता येत नाही, ताई. आणि तुम्हाला दार ठोठावता येत नाही."

ताई वरमल्या, पण विरघळल्या नाहीत. "यात तुमचा काय फायदा?"

"जमलं तर भागीदारी."

फुकटच्या चांगुलपणापेक्षा हे उत्तर त्यांना बरं वाटलं.

आठव्या दवाखान्यात दोघं बरोबर गेले. टायवाले काय बोलतात ते ऐकायला ताई मुद्दाम मागे राहिल्या. यंत्र मध्येच का बंद पडतं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि टायवाल्यांनी मागे वळून ताईंकडे पाहिलं. नाइलाजाने ताई पुढे झाल्या.

"दाराचं रबर कधी बदललंय?"

मग त्या अर्धा तास विचारतच राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी सोमवारी दुरुस्तीला बोलावलं.

रस्त्यावर आल्यावर टायवाल्यांनी भागीदारीचा विषय काढला. "बघू," म्हणाल्या ताई. "सोमवारी मात्र वेळेवर या."