उत्तरेकडचा उजेड

"परत उचलली ती कुंडी? अगं, बूड टेकू दे की तिला!" गेनबा वैतागला.

सगुणाबाईने नवऱ्याचे ऐकलेच नाही. सकाळपासून ती कुंडी घेऊन घरभर फिरत होती. पिंपरीच्या नव्या कारखान्यातल्या गोऱ्या साहेबाकडे ती धुणीभांडी करायची. मायदेशी परतताना मडमेने आपले लाडके आफ्रिकन व्हायोलेटचे रोप तिच्या हातात दिले. मखमली पाने, जांभळी फुले! "खिडकीत ठेव. उजेड हवा, ऊन नको," एवढे सांगून मडम गेली. आता रहाटणीतल्या या घराला खिडकी कुठली? एकच दार, तेही मावळतीला.

आधी तिने कुंडी तुळशीशेजारी ठेवून वरून तांब्याभर पाणी घातले. उन्हाने पाने भाजली. मग आत अंधारात उतरंडीपाशी ठेवली, तर देठ लांबत सुटले आणि कळी काही धरेना. तिचा जीव नुसता खालीवर. जन्मात तिला कुणी निव्वळ शोभेची म्हणून दिलेली ही एकच वस्तू, आणि तीही हातची चालली होती.

"अवं, उत्तरेला खिडकी पाडा. तिकडनं ऊन न्हाई, नुस्ता उजेड येतो."

"चिमाजीच्या अंगणात? डोस्कं फिरलं का तुझं?"

धाकटा भाऊ चिमाजी वाटणीपासून बोलत नव्हता. त्याच्या अंगणात खिडकी काढायची म्हणजे भांडणाला अक्षतच! तरी सगुणाबाई विचारायला गेली.

"आज खिडकी, उद्या वाट मागशीला. जमायचं न्हाई, वैनी," चिमाजी म्हणाला.

बायको रिकाम्या हाताने परतली, हे गेनबाला झोंबले. त्याने पहार घेतली आणि भिंतीला हातभर भोक पाडले. काय तो उजेड! सगुणाबाई रडलीच. थोड्याच दिवसांत कळी दिसली.

आणि एका सकाळी चिमाजीची बायको ठकूबाई नवऱ्याच्या हुकमाने त्या भोकासमोर गोवऱ्या रचू लागली. गेनबा पहारेकडे धावला. सगुणाबाईने त्याचा हात धरला.

"ठकू, वाईच थांब." तिने कुंडी भोकातून पलीकडे दिली. "कळी आलीया. वळचणीला सावलीत ठेव. पाणी बुडाशी घाल, पानावर नगं."

ठकूबाईने लुगड्याला हात पुसून कुंडी घेतली आणि बाजूला ठेवली. मग गोवरी उचलली, पण ती लावायला तिचा हात पुढे होईना.

"लाव, बाई," सगुणाबाई आतून म्हणाली. "न्हाईतर भावजी तुला बोलत्याल."