मांजरपुदिन्याचा वाफा

खोटं बोलायला मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. मडमेनं विचारलं, मी बोट दाखवलं, झालं. त्या बोटाची मला आजही लाज वाटते.

मी कुंडलिक. सोलापुरात एका गिरणीच्या मॅनेजरसाहेबाच्या बंगल्यावर बावीस वर्षं माळी आहे. माझा हात लागला की काठीलाही पालवी फुटते असं लोक म्हणत, आणि मी कधी कुणाला अडवलं नाही. एकोणतीस साली मडमेनं विलायतेहून बी मागवलं. राखाडी-हिरवी लवदार पानं, निळी-जांभळी फुलं. मांजरं त्याच्या वासानं वेडी होतात, म्हणून आम्ही त्याला मांजरपुदिना म्हणायला लागलो. मडमेनं खानसाम्याकरवी सांगितलं होतं, मुरमाड जमीन हवी, पाणी कमी, आणि पहिला बहर सरला की निम्मं छाटायचं.

छाटणी मी केली. पण जमीन मात्र चांगली काळी घातली. आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी? ही बाई मला पाणी शिकवणार! पीरसाब बंगल्याचा भिस्ती, कातडी पखालीतून पाणी भरायचा. त्याला मी रोज दोन पखाली त्या वाफ्यात रिकाम्या करायला लावल्या.

चार दिवसांनी तो म्हणाला, "मामा, खाली चिखल झालाय की."

"तू पानी आन. झाडाचं मी बगतो," मी खेकसलो.

आधी पानं पिवळी पडली, मग देठ लोळले. नेमकी त्या सकाळी पीरसाबची मांजर, मुन्नी, त्या मेलेल्या देठांवर चारी पाय वर करून लोळत होती आणि मडम समोर उभी. हे कुणी केलं, असं तिनं विचारलं. मी मुन्नीकडे बोट केलं.

संध्याकाळच्या आत हुकूम आला, मांजर आवारात नको. पीरसाबच्या घरी लेकरू नव्हतं. त्याच्या बायकोनं, कमरुन्निसानं, मुन्नीला दुधात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं वाढवलं होतं. पीरसाब तिला पोत्यात घालून कुंभारी गावाला मेहुण्याकडे सोडून आला. पोतं माझ्यासमोरून गेलं, आतून ओरडा चालला होता. मी गुलाबाची माती उकरत बसलो. उकरण्यासारखं काही नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास मडमेला पुन्हा त्या वाफ्याची आठवण झाली. नाताळात पाहुणे येणार, तोवर तो फुलला नाही तर दुसरा माळी बघते म्हणाली. बी तर संपलेलं. मला अन्न गोड लागेना.

तेव्हा कमरुन्निसा फुटक्या घागरीत सहा रोपं घेऊन आली. मी छाटून फेकलेल्या काड्या तिनं आवारातल्या आपल्या खोलीमागच्या मुरमात मुन्नीसाठी खोचल्या होत्या. उरलंसुरलं पाणी घातलं, तेवढ्यावर त्या जगल्या.

"मुन्नी लोळायची तवा रोपं बुटकी ऱ्हायची," ती म्हणाली. "आता लई वाढलीत. घ्या मामा, तुमची नोकरी ऱ्हाईल."

मी घेतली. काही वाटलं असतं तर तिथंच खरं सांगितलं असतं. मुरूम टाकून वाफा उंच केला, हात आखडून पाणी दिलं, आणि नाताळात वाफा निळा झाला. पाहुण्यांसमोर मडमेनं माझी पाठ थोपटली. पखाल पाठीवर घेऊन पीरसाब तिथूनच चालला होता.

मग मात्र राहवेना. कमरुन्निसाच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"पोरी, मुन्नीनं काय केलं न्हवतं. झाड मीच मारलं, पानी घालून घालून."

ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं नाही. "ठावं हाय की मामा. पानी कुनी ओतलं? मेलेली रोपं कुनी उपटली? ह्यांनीच की. मुळं काळी पडून सडली हुती."

"मग पीरसाब बोलला का न्हाई?"

"ते म्हनले, मांजर कुटंबी रुजंल. मामा या वयात कुटं जातील?"



दुसऱ्या दिवशी पीरसाब पखाल घेऊन वाफ्याशी आला. रोजच्यासारखंच विचारलं, "मामा, आज किती पानी?"

"तूच सांग," मी म्हणालो.

त्यानं तांब्याभर ओतलं आणि बाकीचं गुलाबांकडे नेलं.

मडमेला मी अजून सांगितलेलं नाही. मुन्नी कुंभारीतच आहे.